ओट्याखालचा ओळंबा

धुळ्यात ज्याला भिंत सरळ हवी असते तो छगन मिस्तरीला बोलावतो. ज्याला नुसती भिंत हवी असते तो दुसऱ्या कुणालाही बोलावतो. घरचा म्हणून हे कौतुक चाललेलं नाही, देवपुरापासून पारोळा रोडपर्यंत कुणालाही विचारून या. जळगावच्या एका बिल्डरने तर गाडी पाठवून नेलं होतं त्याला. तिथल्या चार मिस्तरींना एक जिना जुळत नव्हता. छगनने खिशातून दोरा काढला, दोनदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "जिना बरोबर आहे साहेब. घर वाकडं आहे."

असा हा आमच्या घरातला धाकटा, माझा चुलतभाऊ. बाप लोटन मिस्तरी. त्याने बांधलेल्या शिंदखेड्याकडच्या विहिरी आजही दगड हलू देत नाहीत. हाताचा गुण वरून खाली आलेला आहे, कुठे शिकायला जावं लागलं नाही.

आणि अशा माणसाने एक ओटा चाळीस फूट सरकवला आणि अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

हा ओटा म्हणजे काही मोठं बांधकाम नव्हे. पारोळा रोडकडून आत वळलं की एक चौक लागतो. तिथे काळ्या दगडाचा, कमरेइतका उंच, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा ओटा. रिक्षावाले चौकाला नुसतं "ओटा" म्हणतात. "ओटा, ओटा, एक सीट." पण तो कशाचा, हे विचारलं की चौकाचे दोन तुकडे होतात.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातली. तेव्हा तिथे दीपचंद शेठचं धान्याचं गोडाऊन होतं. बाहेर मिलोसाठी, म्हणजे त्या परदेशातून आलेल्या लाल ज्वारीसाठी, माणसांची रांग लागली होती. भिंत पडली. रांगेतली तीन माणसं गेली, दीपचंद शेठ गेले आणि लोटन मिस्तरी गेला. पाच. छगन तेव्हा पाच वर्षांचा. लोकांनी तिथे ओटा बांधला आणि अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घरी जी घागर भरतात ती पूजा झाल्यावर या ओट्यावर आणून ठेवायची रीत पडली. वर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, बाजूला रव्याची गोड सांजोरी. पाच घरांच्या पाच घागरी.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे.

पुढे मात्र दीपचंद शेठचा नातू रोनक म्हणतो की आजोबा स्वतःच्या हाताने फुकट धान्य वाटत होते आणि वाटता वाटता गेले. त्याचं चौकात मेडिकल आहे, बोलायला गोड, कुणालाही उपाशी औषध घेऊ देत नाही, आधी बिस्कीट देतो. आणि झुलाल नाना म्हणतात, कसलं वाटप? शेठने दार लावून घेतलं होतं. आत पोती, बाहेर माणसं. रेटारेटी झाली आणि भिंत आली अंगावर. झुलाल नानांचा सख्खा मोठा भाऊ त्या भिंतीखाली गेला. आता ऐंशीला टेकलेत, पण त्या विषयावर काठी न घेता उभे राहतात.

लोटन मिस्तरी तिथे काय करत होता, हाही वाद. रोनक म्हणतो, आजोबांनी त्याला भिंत दुरुस्तीला बोलावलं होतं. झुलाल नाना म्हणतात, तो रांगेत होता. आता हे दुसरं ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. लोटन मिस्तरी धान्यासाठी रांगेत उभा राहणारा माणूस नव्हता. पण पहिलं तरी कसं मानायचं? त्याने हात लावलेली भिंत पडली, असं म्हणायचं का? छगन लहानपणापासून दोन्ही ऐकत आला. रोनककडे गोळ्या घ्यायला गेला की मान हलवायचा, नानांच्या ओसरीवर चहा घेताना पण मान हलवायचा. घरी आई मंजुळाबाई. ती विचारलं की म्हणायची, "गया तो गया. पानी ठेव त्याले."

अकरा वर्षांपूर्वी चौकात गटारीचं काम निघालं. गटारीची रेषा नेमकी ओट्यातून जात होती. ठेकेदाराने छगनलाच गाठलं, कारण जुना दगड काढून तसाच बसवणारा हात दुसरा नाही. म्हणाला, "थोडा सरकव मिस्तरी, पाच-सात फूट." छगनने दगडांवर खडूने आकडे टाकले, एकेक उतरवला, आणि सात फुटांवर पाया घेतला. तर तिथे रोनकचं नवं शटर आडवं आलं. "छगनभाऊ, माझ्याच दारात? पेशंटने उडी मारून यायचं का?" मग पलीकडे घेतला, तर तिथे पाण्याची पाइपलाइन लागली. मग आणखी पुढे. तिथे झुलाल नानांची म्हैस बांधायचा खुंट. नाना म्हणाले, "खुंटाले हात नको लावू." असं करत करत ओटा चाळीस फूट गेला, पार रस्ता ओलांडून, कडुलिंबाच्या सावलीत.

तीन महिने चौकात नुसती धूळ आणि खड्डे. कोण कुठून येतंय तेच कळत नव्हतं. धूळ बसली तेव्हा ओटा लिंबाखाली होता. त्या अखाजीला पाचही घरं आली, घागरी ठेवल्या, हात जोडले आणि गेली. कुणी एक शब्द बोललं नाही. रोनक नाही, नाना नाही. छगन सकाळपासून कोपऱ्यावर उभा होता, की आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. मंजुळाबाईने डांगर नीट बसवलं आणि म्हणाली, "सावली बरी शे."

पण छगनला एक गोष्ट आधीच खुपली होती. नव्या पायाचा पहिला दगड बसवायच्या दिवशी तो घरी गेला, आईच्या पत्र्याच्या पेटीतून बापाचा पितळी ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन, काढला आणि पायात ठेवून वर दगड बसवला. पायात काहीतरी ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. कुणी सुपारी ठेवतं, कुणी हळकुंड. त्याने ओळंबा ठेवला आणि मनात म्हणाला, बा, जागा चुकली माझ्याकडून, ही दोरी धरून ये.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

यंदा महापालिकेने चौक नवा करायचं काढलं. मध्ये बाग, दिवे, कारंजं आणि ओट्यावर छत्री. ओट्याजवळ एक बोर्ड, चार ओळींत माहिती. महापालिकेकडून भूपेंद्र नावाचे इंजिनिअर आले. चांगला पोरगा, पिंपळनेरकडचा, पण चार ओळी लिहायला घेतल्या आणि त्याला घाम फुटला. रोनकने एक कागद दिला, नानांनी दुसरा. एकात "दानशूर", दुसऱ्यात "बळी". शेवटी भूपेंद्र म्हणाले, "माहितीचं नंतर बघू. आधी जागा तर नक्की करू. ओटा मुळात इथेच होता ना?"

"इथेच!" रोनक म्हणाला.

"आठेच!" नाना म्हणाले. पन्नास वर्षांत दोन घरांचं पहिल्यांदा जमलं.

"मग छत्री इथे. पण पाया तपासावा लागेल. बांधला कुणी?"

सगळे छगनकडे वळले.

अखाजीला आठ दिवस होते. आता छत्री उभी राहणार, बोर्ड लागणार, आणि बापाचं पाणी कायमचं चुकीच्या जागी ठेवलं जाणार, तेही सरकारी शिक्क्यानिशी. गप्प राहिलं तर आयुष्यभर राहावं लागणार होतं. त्याने घसा खाकरला.

"साहेब, ओटा इथला नाही. तिकडचा आहे." आणि त्याने रस्त्यापलीकडे हात केला, जिथे आता रस्ता रुंद होऊन स्पीडब्रेकर आला आहे. "गटारीच्या वेळी मी सरकवला."

मग रोनक हसला. "छगनभाऊ, ऊन लागलं का?"

"खरं सांगतो."

"अरे, मी लहानपणी या लिंबाखाली बसून आजीच्या घागरीतलं पाणी प्यायलोय. धनकुंवर आजी इथेच बसायची, या मुळावर. मला लिंबोळी आठवते पाठीला टोचलेली."

छगनने बोटं मोजली. धनकुंवरबाईला जाऊन वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांपूर्वी ओटा लिंबाखाली नव्हता. पण रोनक खोटं बोलत नव्हता. डोळे भरून आले होते त्याचे.

झुलाल नाना वेगळ्याच बाजूने आले. "कोनी सांगं रे तुले हे बोलाले? शेठना नातूनी?"

"नाना, त्यांनी कशाला सांगावं?"

"जागा हलनी म्हंजे भिंत हलनी. भिंत हलनी म्हंजे शेठ सुटना. मी काय येडा शे का?"

"आणि मला वाटतंय नानांनीच शिकवलंय," रोनक म्हणाला, "म्हणजे आजोबांचं नाव रस्त्याच्या मधोमध गाडीखाली."

छगन दोघांकडे बघत राहिला. खरं बोलायला किती वर्षं लागली, आणि बोलला तर दोन्ही बाजूंच्या लेखी विकला गेलेला ठरला. त्याने तिथूनच इकडे पारोळ्याला मला फोन लावला, की भाऊ, काय करू. इकडून जे सांगायचं ते सांगितलं गेलं, की लोटन मिस्तरीची भिंत पडत नाही, एवढं ठणकावून सांग, बाकी त्यांचं ते बघतील. पण छगनला ते उपयोगाचं वाटलं नसावं. भिंतीबद्दल कुणी विचारतच नव्हतं.

मग त्याला ओळंबा आठवला.

"साहेब, पुरावा देतो. पाया खोला. खाली माझ्या बापाचा पितळी ओळंबा आहे. मी स्वतः ठेवलाय, अकरा वर्षांपूर्वी. सापडला तर ओटा मी बांधला, इथे नवा बांधला, हे सिद्ध होईल की नाही?"

भूपेंद्रला ते पटलं. पाया तसाही बघायचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मजूर आले. छगनने कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः दगड उतरवले. गर्दी जमली. मेडिकलमधले पेशंट बाहेर आले, रिक्षा थांबल्या. शेवटचा दगड उचलला आणि खाली मातीत हिरवट पडलेला ओळंबा दिसला. दोरी कुजून गेली होती.

"बघा!" छगन म्हणाला. आयुष्यात त्याचा आवाज एवढा चढला नसेल.

रोनक खाली वाकला. ओळंबा हातात घेतला, अंगठ्याने पुसला. त्याचा चेहराच बदलला.

"हा तुमच्या वडिलांचा?"

"हो."

"लोटन मिस्तरींचा?"

"हो, म्हणून तर—"

"म्हणजे ते कामावरच होते!" रोनक गर्दीकडे वळला. "ऐकलं का सगळ्यांनी? ओळंबा होता त्यांच्या हातात. आजोबांनी भिंत नीट करायला बोलावलं होतं. पन्नास वर्षं सांगतोय आम्ही!"

"अरे, मी ठेवलाय तो!" छगन म्हणाला. "पेटीतून आणून!"

पण आता नाना पुढे घुसले. "दे आठे." ओळंबा हातात घेऊन त्यांनी तोंडाजवळ नेला, जवळून पाहिला. "थैलीमां व्हता हा. मी दखेल शे. मना भाऊना पुढे उभा व्हता लोटन, हातमां थैली. घरमां दाणा नव्हता. ओळंबा इकाले काढेल व्हता बिचाराने. मिस्तरी ओळंबा इकाले काढस म्हंजे काय दिन व्हतात, समजा!"

कुणी बाई मागे रडली. एकाने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. दोघेही ओळंब्याकडे बोट दाखवत होते, दोघांचं म्हणणं उलटं होतं, एकाच्या मते तो कामाला आणलेला, दुसऱ्याच्या मते विकायला, आणि दोघांनाही तो इथेच सापडलेला हवा होता.

छगनने भूपेंद्रचा दंड धरला. "साहेब, तुम्ही तरी ऐका. तो ओळंबा त्या दिवशी तिथे नव्हताच. घरी पेटीत होता."

"त्या दिवशी घरी होता, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही पाच वर्षांचे होता ना?"

छगनने ओळंब्याकडे पाहिलं.

"तुमच्या वडिलांचा आहे, एवढं नक्की?"

"नक्की."

"मग झालं," भूपेंद्र मवाळपणे म्हणाले. "जागा हीच. दोन्ही बाजू कबूल आहेत. काचेची पेटी करून आत ठेवू. तुमच्याच घराचा मान आहे, मिस्तरी."

"पण मला तो परत—"

"आता तो सगळ्यांचा झाला ना."

घरी आल्यावर छगन आईसमोर बसला. मंजुळाबाई नवी घागर धुऊन उन्हात पालथी घालत होती. त्याने सगळं सांगितलं. ओटा सरकवल्याचं, पेटीतून ओळंबा नेल्याचं. अकरा वर्षं आई चुकीच्या जागी पाणी ठेवत आली, ते पण. मान खाली घालून सांगितलं.

आई चिडली नाही. तिने विचारलं, "पेटीमां व्हता का तो?"

"तुझ्याच पेटीत. साड्यांच्या खाली."

"माले वाटे, तो त्यानासंगेच गया."

छगनचा घोटाळा आणखी वाढला. "म्हणजे त्या दिवशी त्याने नेला होता? मग परत कुणी आणला?"

"कोनी आना व्हई." ती विचारात पडली. "नही तर नेलाच नही व्हई. थैली मात्र नेल व्हती. का बाजारनी थैली व्हती ती, का अवजारेसनी... तू रडत व्हता. माले तेच याद शे. तू रडत व्हता, आणि तो दारमां उभा राहीसन बोलना, येस लगेच."

"आई, तो रांगेत गेला होता की कामाला?"

"तो येस म्हने व्हता," मंजुळाबाई म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला.

अखाजीच्या सकाळी छगनने घागर खांद्यावर घेतली आणि आईला धरून आधी रस्त्यापलीकडे नेलं. स्पीडब्रेकरच्या अलीकडे त्याने आदल्या दिवशी मोजून खडूने खूण केली होती. रोनकच्या शटरच्या कोपऱ्यापासून धरून, गटारीच्या झाकणापासून धरून. आता खूण टायरखाली पुसली होती. त्याने पुन्हा अंदाजाने पाय रोवला.

"आई, हे बघ. इथे होता ओटा. इथे ठेव पाणी."

एक रिक्षा करकचून थांबली. "ओ काका! घागर घेऊन झोपता का रस्त्यात? ओटा तिकडे आहे!"

मंजुळाबाईने डांबराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "आठे भिंत पडनी व्हती का?"

"ओटा इथे होता."

"ओटा नही पुसत. भिंत."

ओटा भिंतीच्या जागेवरच बांधला होता की लोकांना जिथे मोकळी जागा मिळाली तिथे, हे छगनने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. गोडाऊन किती लांब होतं? दार कुठल्या बाजूला? त्याला फक्त चाळीस फूट माहीत होते. त्याच्या आधीचे फूट कुणी मोजले होते?

"तुला माहीत आहे का?" त्याने विचारलं.

"मी तदय घरमां व्हती. माले लोकेसनी ओटा दखाडा. मी ओट्याले हात जोडात." मागून दुसरी रिक्षा हॉर्न वाजवायला लागली. आईने घागरीतून चूळभर पाणी हातावर घेतलं, डांबरावर सोडलं. उन्हाने तापलेलं डांबर, पाणी बघता बघता सुकलं. "चाल," ती म्हणाली. "डांगर तापस."

लिंबाखाली, छगनने दगड पुन्हा जसेच्या तसे बसवलेल्या ओट्यावर, बाकीच्या चार घागरी आल्या होत्या. छत्रीचे खांब उभे राहिले होते, वर अजून काही नव्हतं. ओट्याच्या समोर काचेची पेटी बसवली होती. आत ओळंबा, घासून चकचकीत केलेला, गादीवर आडवा झोपवलेला. खाली बोर्ड. भूपेंद्रने दोन्ही कागदांना राजी करून वाक्य लिहिलं होतं: "या ठिकाणी दुष्काळात पाच जणांनी प्राण सोडले. येथे सापडलेला ओळंबा त्या दिवसाची साक्ष देतो."

छगनने ते दोनदा वाचलं. ओळंबा आडवा कसा काय ठेवतात, हे त्याला सहन होईना. ओळंबा टांगायचा असतो. तो काचेला हात लावून उभा राहिला. मागे रोनक मंजुळाबाईची घागर नीट बसवून देत होता, आणि झुलाल नाना रोनकला म्हणत होते, "हळू रे, तुना आजासारखा धसमुसळा नको करू," आणि रोनक हसत होता.

एक बाई, अंगावर नवी साडी, बहुतेक माहेरपणाला आलेली, मुलीचं बोट धरून पेटीजवळ आली. "दादा, हे काय आहे हो?"

छगन वळला. सांगायला तोंड उघडलं, की मी हा ओटा सरकवलाय, हे माझ्या आईच्या पेटीतलं आहे.

"माझ्या बापाचा ओळंबा," तो म्हणाला. "त्या दिवशी त्याच्या हातात होता. दारात उभा राहून मला म्हणाला, येतो लगेच. हातात हाच. दोरी गुंडाळलेली."

बाईने हात जोडले, मुलीलाही जोडायला लावले, आणि पुढे गेली.

छगन तिथेच राहिला. दोरी त्याला स्पष्ट दिसत होती, पांढरी, बोटांना तीन वेढे. आधी कधी दिसली नव्हती. त्याने रस्त्यापलीकडे मान वळवली, आपण मघाशी पाय कुठे रोवला होता ते बघायला. स्पीडब्रेकरच्या अलीकडे की पलीकडे, तेच त्याला ठरवता येईना. मागून आईने हाक मारली, "छगन, पानी सोड रे त्याले," आणि तो खाली वाकला, आणि ओंजळ भरून समोरच, जिथे ओटा होता तिथे, पाणी सोडलं.